दोन प्रोसिजर, एकच ‘एकूण’

ती कामावर आली त्या दिवशी मी तिला एकच नियम सांगितला होता. “काहीही लिही, पण व्हेरिएबलच्या आधी ‘लोकल’ लिहायला विसरू नकोस. बाकीचं सगळं मी निस्तरेन, हे नाही निस्तरता येत.”

अलिबागमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. दोन खोल्या, पुढे गच्ची, आम्ही सहा जण. मालक पूर्वी मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते, लॉकडाऊनमध्ये गावाकडे आले आणि परत गेलेच नाहीत. त्यांना आम्ही सर म्हणायचो. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचा मोबाइलवरचा गेम आम्ही सांभाळायचो. गेम होता समुद्रकाठच्या एका गावाचा. खेळणाऱ्याला सुरुवातीला एक होडी मिळायची. तिच्यावर मासे धरायचे, सुकवायचे, फळी मोडली तर बदलायची, आणि होता होता आणखी होड्या बांधायच्या. प्रत्येक होडीला नाव देता यायचं. लोक वर्षानुवर्षं खेळायचे, आणि मला त्याचं नवल वाटायचं.

गेमच्या आतलं सगळं एका छोट्या स्क्रिप्टच्या भाषेत लिहिलेलं होतं. ती भाषा गिऱ्हाइकाच्याच कुणीतरी फार पूर्वी घरच्या घरी बनवली होती आणि तिला एक वाईट खोड होती. समजा, मी एक प्रोसिजर लिहिली, म्हणजे एखाद्या कामाच्या पायऱ्या लिहिल्या, आणि त्यात ‘एकूण’ या नावाने एक आकडा, म्हणजे व्हेरिएबल, ठेवला. मग त्या प्रोसिजरने मधेच दुसऱ्या प्रोसिजरला बोलावलं. इतर बऱ्याच भाषांत बोलावलेल्या प्रोसिजरला बोलावणाऱ्याचे खासगी आकडे दिसत नाहीत. ती आपलं काम करते आणि जाते. या भाषेत दिसायचे, आणि बदलताही यायचे. दुसरीतही ‘एकूण’ असेल आणि तिने ते ‘लोकल’ म्हणून आपल्यापुरतं वेगळं काढलेलं नसेल, तर ती सरळ पहिलीचंच ‘एकूण’ उचलून त्यात स्वतःचा आकडा भरायची. चूक झाली असं पडद्यावर कुठेही यायचं नाही.

हे मी तिला कागदावर चौकोन काढून समजावलं. ती थोडा वेळ चौकोनांकडे बघत राहिली.

“पण दादा, मी लोकल लिहिलं आणि मी ज्याला बोलावलं त्याने नाही लिहिलं, तर?”

“इथे सगळे लिहितात,” मी म्हणालो.

मी ज्या भिंतीकडे बोट दाखवलं तिथे माझ्याच अक्षरातला कागद चिकटवलेला होता: प्रत्येक व्हेरिएबलच्या आधी लोकल.

ती काशीदची. कोळ्यांची मुलगी, चोविशीतली. वडिलांची होडी, आई मासे सुकवून विकणारी. डिप्लोमा करून ती आमच्याकडे लागली, आणि रोज मुरूडहून येणाऱ्या एसटीने यायची. उशीर कधी झाला नाही. मी मूळचा दिवेआगरचा. वादळात आमच्या वाडीतली निम्म्याहून जास्त पोफळी आडवी झाली, तेव्हापासून घरी पैसे पाठवायला म्हणून मी अलिबागला खोली घेऊन राहत होतो. चाळिशी गाठली होती. त्या ऑफिसात भाषा मला सगळ्यांत जास्त येत होती, आणि मला तेवढंच येत होतं.

चार महिन्यांत तिने मला गाठलं. गाठलं हे आज लिहितोय; तेव्हा मी मनातसुद्धा असं म्हटलं नसतं. तिच्या स्क्रिप्टा आखूड असायच्या, वाचताना कुठे अडखळायला व्हायचं नाही. शिवाय तिला होड्या माहीत होत्या. एकदा ती सरांना म्हणाली, “सर, आपल्या गेममध्ये पावसातही होड्या पाण्यातच असतात. असं कुठे असतं? पावसाळ्यात होडी वर घेतात, शाकारतात. नारळाच्या झापांनी झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात.”

सरांना ते आवडलं. गिऱ्हाइकालाही आवडलं. त्यांनी सांगितलं, हंगाम बदलण्याचा भाग नवा लिहा: पावसाळा लागला की खेळणाऱ्याच्या होड्या एकेक करून किनाऱ्यावर येतील, येताना त्यांची दुरुस्ती होईल, आणि ज्या पाण्यात राहतील त्या वादळात जातील. हे काम तिला मिळालं. गेल्या दोन वर्षांत असं नवं काम माझ्याकडे आलं नव्हतं. मी तिचं अभिनंदन केलं, आणि दुपारी डबा खायला गच्चीवर न जाता खालच्या हॉटेलात गेलो.

तिने ती प्रोसिजर महिनाभर घासूनपुसून लिहिली. आधी खेळणाऱ्याच्या होड्या मोजायच्या आणि तो आकडा ‘एकूण’मध्ये ठेवायचा. मग पहिल्या होडीपासून ‘एकूण’पर्यंत एकेक होडी घ्यायची, तिची दुरुस्ती करायची, तिला किनाऱ्यावर आणायचं. दुरुस्तीसाठी तिने माझी जुनी प्रोसिजर वापरली. ती मी दीड-दोन वर्षांपूर्वी लिहिली होती, आणि तोवर कधी कुणाची तक्रार आली नव्हती. आमच्याकडच्या चाचणीत सगळं ठीक झालं. जूनच्या सुरुवातीला गेममध्ये पावसाळा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढत होतो तेव्हा सरांचा आवाज खालपर्यंत ऐकू येत होता.

हजारो लोकांच्या होड्या गेल्या होत्या. पहिली होडी किनाऱ्यावर, बाकीच्या सगळ्या समुद्रात, आणि समुद्रातल्या वादळाने पुसलेल्या. सगळ्यांच्या नव्हत्या गेल्या. काहींच्या शाबूत होत्या, आणि कुणाच्या गेल्या नि कुणाच्या राहिल्या त्याला काही ताळमेळ लागत नव्हता. गिऱ्हाइकाकडे साठवलेली जुनी प्रत पंधरा दिवसांआधीची निघाली. तक्रारींचा ढीग लागला होता. सर त्यातल्या एकेक मोठ्याने वाचत होते. एका बाईने लिहिलं होतं की नवरा वारला त्या आठवड्यात तिने त्याच्या नावाची होडी बांधली होती, तेवढी एक तरी परत मिळेल का. होडी बांधून दहाच दिवस झालेले, म्हणजे जुन्या प्रतीतही ती नव्हती. ते वाचून सर थांबले आणि तिच्याकडे वळले.

“काय केलंस हे?”

ती उभी होती. तिने स्वतःची प्रोसिजर पडद्यावर उघडून ठेवली होती. “सर, ‘एकूण’चा आकडा मधेच बदलतोय. पहिल्या होडीनंतर लगेच. पण मी लोकल लिहिलंय. हे बघा ना. माझ्या आत तो कुठेच बदलत नाही.”

“तुझ्या आत बदलत नाही, मग कोण बदलून जातं? भूत?”

सर माझ्याकडे बघून म्हणाले, “तू बघ रे. आज संध्याकाळपर्यंत मला हे बंद झालेलं हवं.”

तोपर्यंत मला खरंच काही ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. मी तिची प्रोसिजर तीनदा वाचली. तीत चूक नव्हती. मग ती ज्यांना बोलावत होती त्या एकेक उघडायला लागलो. किनाऱ्यावर आणण्याची उघडली, ठीक होती. दुरुस्तीची उघडली. माझी. वरून तिसरी ओळ. मोडक्या फळ्या मोजून मी तो आकडा ‘एकूण’मध्ये ठेवला होता. आधी लोकल नव्हतं.

मी ते लगेच मान्य केलं नाही. वर-खाली बघितलं, फाइल बंद करून परत उघडली. दीड-दोन वर्षं ती प्रोसिजर फक्त खेळणाऱ्याने दुरुस्तीचं बटण दाबल्यावर चालायची. तेव्हा तिला बोलावणाऱ्याकडे ‘एकूण’ नावाचं काही नसायचं, म्हणून चूक दबून राहिली. आता तिच्या प्रोसिजरने बोलावल्यावर माझ्या प्रोसिजरने तिचं ‘एकूण’ उचललं आणि त्यात मोडक्या फळ्यांचा आकडा भरला. ज्याची पहिली होडी धड होती त्याच्या मोडक्या फळ्या शून्य. ‘एकूण’ शून्य. म्हणजे होड्या संपल्या असं समजून काम तिथेच थांबलं आणि बाकीच्या समुद्रात राहिल्या. आणि ज्यांनी आपल्या सगळ्याच होड्या मोडक्यातोडक्या ठेवल्या होत्या, त्यांचा आकडा दर वेळी मोठा निघाला आणि सगळ्या होड्या वर आल्या. आम्ही चाचणीला घेतलेल्या होड्या मुद्दाम मोडलेल्या होत्या. म्हणून आम्हाला काही कळलं नाही. ज्या लोकांनी होड्या जपल्या, नेमक्या त्यांच्याच गेल्या.

मी त्या तिसऱ्या ओळीच्या आधी ‘लोकल’ हा शब्द घातला. तेवढीच दुरुस्ती होती. चालवून बघितलं, सगळ्या होड्या वर आल्या. मग तो बदल नोंदवला. काय बदललं ते लिहायच्या जागी मी लिहिलं, ‘हंगाम प्रोसिजरची अडचण दूर केली’. हंगाम प्रोसिजर तिची होती.

आत्ता सांगेन, असं मनाशी म्हणत मी उठलो, चहा आणला, परत बसलो. ती माझ्यापासून दोन खुर्च्यांवर होती. सकाळपासून तिने काही खाल्लेलं नव्हतं. थोड्या वेळाने ती खुर्ची सरकवून जवळ आली आणि हळूच म्हणाली, “काही सापडलं का दादा?”

“बघतोय,” मी म्हणालो.

“दुसऱ्या प्रोसिजरमधून येत असेल का? मी त्या उघडून बघू का?”

“नको. तू नको आता हात लावूस. मी बघतोय ना.”

ती मान हलवून जागेवर गेली. साडेपाचच्या एसटीला निघताना दारातून म्हणाली, “येते मी.” मी हात वर केला, मान पडद्यातून काढली नाही.

सरांना मी सहा वाजता सांगितलं की झालं. त्यांनी खांद्यावर थाप मारली. काय होतं म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, “लोकलचंच होतं.” त्यात खोटं काही नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि म्हणाले, “इतकं लिहून लावलंय तरी.”

त्या दिवशी शनिवार होता. सोमवारी सांगायचं असं मी ठरवलं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली. सोमवारी ती आली नाही. सरांनी रविवारी तिला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं. गिऱ्हाइकाला कुणावर तरी कारवाई केल्याचं दाखवणं भाग होतं, म्हणाले. “पोरगी हुशार आहे, पण निष्काळजी.”

मी तोंड तेव्हाही उघडू शकलो असतो. समोर सर होते, दार बंद होतं, ऐकायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, “हो का.”

लोक विचारतील, का गप्प राहिलास, म्हणून कारणं सांगायला हवीत. नोकरी जाईल ही भीती होती, पण ती काही फार मोठी नव्हती. सरांना माझ्यावाचून चालत नव्हतं. भीतीपेक्षा लाज जास्त होती. जो नियम मी सगळ्यांना शिकवला, भिंतीवर लावला, तो मीच मोडलेला, हे त्या पाच जणांसमोर म्हणवत नव्हतं. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती: ती गेल्यावर मला जरा बरं वाटलं होतं. नव्या कामाच्या वेळी सर पुन्हा माझ्याकडेच बघू लागले.

पावसाळा तसा गेला. तिच्या खुर्चीवर कुरिअरची खोकी रचली गेली. मी काम करत होतो, पण स्वतःच्या जुन्या स्क्रिप्टा उघडायची धास्ती बसली होती. गणपतीला घरी गेलो तेव्हा आई म्हणाली, “तू नुसता बसून काय असतोस रे? तब्येत बरी नाय का?” वडील वाडीत नवी लावलेली पोफळीची रोपं दाखवत होते. मी हं हं करत होतो. त्यांनी दाखवायचं सोडून दिलं.

मग थंडीच्या सुरुवातीला ऑफिसात एक फोन आला. सर गच्चीवर बोलत होते, दार उघडं होतं. पनवेलच्या कुठल्या तरी कंपनीत तिने अर्ज केला होता आणि ते लोक चौकशी करत होते. सर म्हणाले, “हात चांगला आहे तिचा. पण तपासून बघायची सवय नाही. आमचं मोठं नुकसान करून गेली.”

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी मुरूडची एसटी पकडली.

काशीदला उतरलो तर किनाऱ्याकडे मुंबईच्या गाड्यांची रांग होती. तिचं घर त्या गर्दीच्या मागे, आत. अंगणात बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगलेले. खाली तिची आई सुकट पसरत होती.

मी कोण ते सांगितलं. आईने हात पदराला पुसले. “ऑफिसातलं व्हय? बसा की. पानी देते.” आणि आत वळून हाक मारली, “अगो, तुझं सर आलंन.”

“सर नाही,” मी म्हणालो, “मी तिच्याबरोबर होतो.”

ती बाहेर आली. हातात मोबाइल होता. चुलत्याच्या पर्यटकांच्या खोल्यांचं बुकिंग ती बघत होती. मला बघून तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. आई पाणी ठेवून आत गेली. आम्ही ओटीवर बसलो.

मी जुळवून आणलेली वाक्यं बोलायला लागलो. “तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी ती जी अडचण...”

“दुरुस्तीच्या प्रोसिजरमध्ये होती,” ती म्हणाली. “तिसरी ओळ.”

मी पाण्याचा ग्लास उचलला.

“रविवारी सरांचा फोन आला. माझं लॉगिन अजून चालू होतं. मी उघडून बघितलं. तुम्ही एक शब्द घातला होता. चार वाजून दहा मिनिटांनी.” ती मोबाइल हातात फिरवत होती. “मी तुम्हाला विचारायला आले तेव्हा साडेचार झाले होते. मला नीट आठवतं, कारण मी एसटीची वेळ बघत होते.”

रस्त्यावरून एक घोडागाडी गेली, तीत बसलेली मुलं ओरडत होती.

“तू का नाही सांगितलंस सरांना?” मी शेवटी विचारलं.

“सांगितलं. मेसेज पाठवला होता, ती ओळ दाखवून. ते म्हणाले, झालं ते झालं, आता त्याच्यावर ढकलू नकोस.” तिने मोबाइल ओटीवर ठेवला. “मी वाट बघत होते, तुम्ही सांगाल. आज सांगतील, उद्या सांगतील. दिवाळीपर्यंत बघितली. मग सोडलं.”

म्हणजे सरांनाही ठाऊक होतं. निदान कानावर होतं. मी ते ऐकून सुटल्यासारखा होईन असं तिला वाटलं असेल. क्षणभर मला तसं वाटलंही, आणि त्याचीही लाज वाटली.

मी माफी मागितली. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. म्हणाली, “माफीचं मी काय करू दादा? पनवेलवाले विचारतात, पहिली नोकरी का सुटली. मी काय सांगू त्यांना? तुम्ही लिहून द्याल?”

“देतो.”

“आत्ता द्या.”

तिने लॅपटॉप आणला. मी ओटीवर बसून लिहिलं. काय झालं, कुठल्या प्रोसिजरमध्ये, होड्या का गेल्या, सगळं. तिने वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

“‘आमच्याकडून चूक झाली’ नको. आमच्याकडून म्हणजे त्यात मी पण आले.”

मी ते खोडून ‘माझ्याकडून’ लिहिलं. खाली नाव घातलं. तिने पुन्हा वाचलं, आणि “बरोबर आहे” एवढंच म्हणाली. निघताना तिच्या आईने वर्तमानपत्रात बांधून बोंबील दिले. “घेवा, घरचं हायेत,” म्हणाली. मी नको म्हणत होतो. ती आईला म्हणाली, “घेतील ते.” मग मी घेतले.

दुसऱ्या दिवशी मी तेच पत्र सरांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, काढून ठेवलं. “आता कशाला हे?” म्हणाले. मी म्हणालो, तिला परत बोलवा, नाहीतर पनवेलला फोन करून खरं सांगा. ते म्हणाले, “फोन करून मी काय सांगू? की मी चौकशी न करता माणूस काढला?” मी राजीनाम्याचं बोललो. ते हसले. म्हणाले, “तू गेलास तर गेम कोण सांभाळेल? बस जागेवर.”

मी बसलो. हेही लिहायला हवं. मला कुणी काढलं नाही, कुणी काही बोललंही नाही. दोन दिवस ऑफिसातले जरा जपून वागले, मग सगळं पूर्ववत झालं. पनवेलची नोकरी तिला मिळाली नाही. तिने पत्र पाठवलं तोपर्यंत त्यांनी दुसरं कुणी घेतलं होतं. हे मला तिने आपणहून नाही सांगितलं. मी केलेल्या मेसेजला महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं, ‘ती जागा भरली’, एवढंच. त्यानंतर मी केलेल्या मेसेजांना उत्तर नाही.

पुढच्या वर्षी गिऱ्हाइकाने तो गेमच बंद केला. त्या आठवड्यात खेळणारे एकमेकांना निरोपाचे संदेश पाठवत होते. होड्यांचे फोटो काढून ठेवत होते. नवऱ्याच्या नावाची होडी बांधणाऱ्या त्या बाईने लिहिलेलं मी शोधलं, पण त्या पावसाळ्यानंतर ती खेळायला आलेलीच दिसली नाही. सरांनी ऑफिसच्या चाव्या हार्डवेअरवाल्याकडे दिल्या. मी दिवेआगरला परतलो. आता आसपासच्या घरगुती खोल्यांची बुकिंगची पानं बनवतो आणि दुपारी वडिलांबरोबर वाडीत असतो.

मागच्या महिन्यात कामासाठी अलिबागला गेलो होतो. स्टँडवर पनवेलच्या गाडीतून ती उतरली. पाठीवर लॅपटॉपची बॅग, गळ्यात कुठल्या तरी ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा. तिने मला बघितलं. मी दोन पावलं पुढे झालो. तिने ओळखीची मान हलवली, जशी गावातल्या कुणालाही हलवतात तशी, आणि मुरूडच्या गाडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली. गाडी लागायला दहा मिनिटं होती. तेवढा वेळ मी पेपरच्या स्टॉलशी उभा राहिलो. तिने परत वळून बघितलं नाही. गाडी आली, ती चढली, खिडकीशी जागा मिळाली तिला. गाडी निघून गेल्यावर स्टॉलवाल्याने विचारलं, “कुठला देऊ?” मी हाताला लागला तो पेपर घेतला आणि श्रीवर्धनची गाडी किती वाजता आहे ते विचारायला चौकशीच्या खिडकीकडे गेलो.